पावसाळ्यातलं रंगकाम: १/२४ काळी-पिवळी पद्मिनी आणि टपावरचे दुधाळ डाग

टपावरचा_कॅरियर

मंडळी, १/२४ मापाची काळी-पिवळी पद्मिनी (मुंबईच्या जुन्या टॅक्सीचं मॉडेल) टेबलावर आहे. बॉडी रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट केलेली. टपाला पिवळा मारला, आणि पाच मिनिटांत मधोमध दोन दुधाळ ढग उमटले. कडेला संत्र्याच्या सालीसारखा पोत आलाय, तो वेगळाच.

तपशील असा: आधी राखाडी, मग पांढरा प्रायमर. रंग गाड्यांच्या पेंटच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकर) पिवळा, साधं एनसी थिनर, प्रमाण १:१. एअरब्रशचं नोझल ०.३, दाब २५ पीएसआय, अंतर अंदाजे १५ सेंमी. ठाणे, खोलीत २८ अंश, आर्द्रता ८६ टक्के.

तीन प्रश्न:
१. ढग घालवायचा कसा, आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय करायचं?
२. आधी काळा की आधी पिवळा? (पिवळा मारून झालाय, पण टप उतरवायचाच असेल तर क्रमही बदलता येईल.)
३. शेवटी क्लिअर (वरचा पारदर्शक थर) कोणता? टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) वापरावा का?

भिजलेलं_बदक

नारळी पौर्णिमेनंतर मारा. हाकानाका.

वॉटरपेपर_१२००

बदकराव, तोवर माणसाने काय चाकं घासत बसायचं? (तसं तेही काम उरलेलं असतंच म्हणा.)

कॅरियर, तुम्ही आकडे दिलेत म्हणून नेमकं सांगता येतं. २८ अंश आणि ८६ टक्के आर्द्रतेला दवबिंदू येतो साधारण साडेपंचवीस अंशांवर. म्हणजे बॉडीचा पृष्ठभाग जेमतेम अडीच अंशांनी गार झाला की हवेतलं बाष्प त्यावर बसायला लागतं. एनसी थिनरमधले हलके द्रावक झपाट्याने उडतात आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातात. स्पिरिट लावल्यावर हात गार पडतो तसंच. अडीच अंश तर पहिल्याच ओल्या कोटात जातात. ते पाणी ओल्या रंगात शिरतं, राळ त्या जागी नीट विरघळलेली राहत नाही आणि पांढुरकी दिसते. टपाच्या मधोमध जास्त, कारण तिथे हात रेंगाळतो आणि कोट जाड बसतो.

तेच काम २६ अंश आणि ५५ टक्क्यांना केलंत, तर दवबिंदू सोळाच्या आसपास येतो. दहा अंशांची मोकळीक मिळते आणि ढग येत नाही. तुमचा रंग बरा आहे. गडबड थिनरची आणि हवेची आहे.

ढग घालवायला टप लगेच घासू नका. पेंटच्या दुकानात रिटार्डर (रंग सावकाश वाळू देणारं द्रावक) मिळतं, कुठे त्याला नॉन-ब्लश थिनर म्हणतात. साध्या थिनरमध्ये ते निम्मं घालून, रंग न मिसळता, १५ पीएसआयवर दुरून एक भुरभुरता हात मारा. वरचा थर पुन्हा सैल होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि ढग बहुतेक वेळा विरतो. पूर्ण ओलं करू नका, नाहीतर कडेला ओघळ येतील. दोन हातांत गेला नाही तर ढग खोल आहे. मग रंग पुरता वाळू द्यायचा, १५०० च्या वॉटरपेपरने पाण्यात घासायचा आणि कोरड्या हवेत नवा कोट.

आणि ढगावर क्लिअर मारून तो "झाकायला" जाऊ नका. झाकत नाही, कायमचा कोंडला जातो.

खडूस_कारागीर

वरच्या प्रतिसादाला +१. भर एवढीच की रिटार्डर रंगातही घालायचं, पण मोजून. थिनरच्या ५ ते १० टक्के पुष्कळ झालं. "थोडं अजून" म्हणत २५ टक्क्यांवर गेलात की रंग दोन दिवस मऊ राहतो, बोटाचे ठसे उमटतात आणि मास्किंग टेपची जाळी त्यावर छापली जाते.

मिस्टर हॉबीचं लेव्हलिंग थिनर मिळत असेल तर त्यात रिटार्डर असतंच, वेगळं घालायची गरज नाही. रंग एक भाग, थिनर दोन भाग. तामिया या जपानी किट कंपनीच्या एलपी (लॅकर) रंगांनाही ते चालतं.

तुमची संत्र्याची साल हे स्वतंत्र प्रकरण आहे. १:१ म्हणजे रंग जाड, २५ पीएसआय म्हणजे हवा जास्त, आणि ०.३ नोझलला १५ सेंमी म्हणजे लांब. थेंब पोचेपर्यंत अर्धे सुकतात आणि एकमेकांत मिसळण्याऐवजी शेजारी शेजारी बसतात. दाब १५ ते १८ वर आणा, अंतर ८ ते १० सेंमी, रंग दुधासारखा पातळ. कपाच्या भिंतीवर चढवला तर पारदर्शक पडदा ठेवून खाली सरकायला हवा.

पहिले दोन हात भुरभुरते, मध्ये दहा मिनिटं. तिसरा ओला. ओला म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब टपावर सरळ रेषेत दिसेल इतका. प्रतिबिंब दिसलं की हात काढायचा. पुढचा "अजून एकदा"च गाडी बिघडवतो.

अंजिरी

एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर आधी लावून ठेवा. बॉडी, रंगाच्या बाटल्या, थिनर, सगळं त्याच खोलीत. बॉडी एसीत गार करून बाल्कनीत नेऊन मारलीत तर बाल्कनीत पोचतानाच तिला घाम फुटतो.

आणि कंप्रेसरचा वॉटर ट्रॅप तपासा. दमट हवा दाबली की टाकीत पाणी साठतं. रोज काम झालं की टाकीखालचा कॉक सोडून ते काढायचं. ट्रॅप कंप्रेसरवर असेल तर हवा नळीत पुढे आणखी गार होते आणि तिथेही पाणी धरतं. म्हणून छोटा ट्रॅप एअरब्रशच्या तोंडाशी लावलेला बरा. कॅरियर यांच्या टपावर ढगाऐवजी खळगे पडले असते तर मी आधी याच पाण्यावर संशय घेतला असता.

वॉटरपेपर_१२००

अंजिरीताईंचा एसीचा मुद्दा बरोबर, पण त्यात एक फसवणूक आहे. स्प्रे बूथचा पंखा तुम्ही वाळवलेली हवा बाहेर फेकतो आणि दाराच्या फटीतून तितकीच दमट हवा आत ओढतो. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत २८ घनमीटर हवा असते. पंखा मिनिटाला पाच घनमीटर ओढत असेल तर साडेपाच-सहा मिनिटांत खोलीभर हवा बदलली. आर्द्रतामापक बूथजवळ ठेवून बघा, काटा डोळ्यांदेखत चढतो.

म्हणून कामाचे तुकडे पाडायचे. एक हात मारा, तो तीन-चार मिनिटांत होतो. वास ओसरेपर्यंत पंखा चालू ठेवा, मग बंद. हवा परत ६० च्या खाली आली की दुसरा हात.

फीनिक्सकर

इथे ॲरिझोनात उलटी तऱ्हा. उन्हाळ्यात चाळीसच्या वर तापमान, आर्द्रता १०-१५ टक्के. रंग हवेतच सुकतो आणि बॉडीवर पिठासारखा बसतो. हात फिरवला तर खरखर लागते. गंमत म्हणजे औषध तेच: रिटार्डर, कमी दाब, जवळून. ढग मात्र कधीच येत नाही. थोडी हवा कुरिअर करू का?

भिजलेलं_बदक

पाठवा. डबा घट्ट लावून.

नवी_पान

वाचतेय. दोन बाळबोध प्रश्न. बॉडी आधी हेअर ड्रायरने गरम करून घेतली तर? आणि स्प्रे कॅन असेल तर या सगळ्यातलं काय लागू होतं?

खडूस_कारागीर

बाळबोध नाहीत.

हेअर ड्रायर: तत्त्व बरोबर आहे, पृष्ठभाग दवबिंदूच्या वर राहतो. पण तो धूळ उडवतो, आणि पॉलिस्टायरीनची किट असेल तर जवळून धरल्यावर छताचे खांब वाकतात. कोमट पुरे, हाताला जेमतेम जाणवेल इतकीच. रंग मारल्यावर ड्रायर अजिबात नाही. वरची साय धरते, खालचा द्रावक अडकतो आणि नंतर बुडबुडे येतात.

स्प्रे कॅन: पावसाळ्यात जास्त धोका. आतला वायू फुगताना फवारा मुळातच गार असतो. कॅन कोमट पाण्यात, चाळीस अंशांच्या आत, पाच-सात मिनिटं ठेवून मारा. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीही नाही. त्याहून बरं म्हणजे कॅनमधला रंग बाटलीत काढून एअरब्रशने मारणं. तोंडाला स्ट्रॉ लावून हळूहळू बाटलीत सोडायचा, झाकण उघडं ठेवून निदान दोन-तीन तास विरघळलेला वायू निघू द्यायचा. घाईत घट्ट बंद केलीत तर बाटली उघडताना रंग अंगावर.

डिकीत_स्टेपनी

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी फिरकलंच नाही, म्हणून लिहितो.

आधी पिवळा, नंतर काळा. याला पर्याय नाही. पिवळ्या रंगद्रव्याची झाकण्याची ताकद कमी. काळ्यावर पिवळा चढवायला सात-आठ हात लागतात आणि तरी तो हिरवट दिसतो. पांढऱ्यावर तीन हातांत उजळतो. टॅक्सीचा पिवळा थोडा उबदार असतो, लिंबासारखा नाही. पांढऱ्या प्रायमरवर फिका गुलाबी कोट मारून मग पिवळा घ्या, तो आपसूक उबदार होतो. तामियाच्या कॅनमध्ये टीएस-४७ क्रोम यलो जवळ जातो, टीएस-१६ जरा थंड आहे.

आता मास्किंग. काळ्या-पिवळ्याची सीमा टपाच्या कडेच्या पन्हळीखालून, खिडक्यांच्या वरून जाते. ही रेघ हलली तर गाडी लांबूनही खोटी दिसते.

१. पिवळा दोन दिवस वाळू द्या. पावसाळ्यात तीन.
२. हार्डवेअरच्या दुकानातला मास्किंग टेप घेतलात तर त्याची कड वापरू नका. ती गोदामात रवाळ झालेली असते आणि तिच्याखालून रंग झिरपतो. टेप काचेवर चिकटवा, स्टीलच्या पट्टीने नव्या ब्लेडचा एक काप घ्या, ती ताजी कड रेघेवर. वळणाला दोन मिलिमीटरच्या पट्ट्या, सरळ भागाला रुंद.
३. कड टूथपिकच्या बोथट टोकाने दाबून बसवा. नखाने नाही, नखाने टेप ताणला जातो आणि नंतर मागे सरकतो.
४. टेपच्या कडेवर आधी पिवळ्याचाच एक पातळ हात. झिरपायचं असेल ते पिवळंच झिरपेल आणि फट बुजेल. काळा त्यावर.
५. काळ्याचे दोन-तीन पातळ हात. जाड एक हात मारलात तर कडेला पायरी राहते. ०.१ मिमी जाडीची पायरी म्हणजे खऱ्या गाडीवर २.४ मिमी. एवढा रंग लावायला खऱ्या गाडीवर पुट्टी भरायला लागेल.
६. टेप काळा अर्धवट वाळल्यावर काढा. लॅकरला अर्धा-पाऊण तास. टेप स्वतःवरच दुमडून, ४५ अंशात, सावकाश.

अंजिरी

सहाव्या मुद्द्याला अंशतः असहमत. पावसाळ्यात अर्ध्या तासात लॅकर अर्धवट वाळत नाही, चिवट राहतो. टेप काढताना धागे निघतात आणि पिवळ्यावर पडतात. दीड तास तरी थांबा.

डिकीत_स्टेपनी

मान्य. रिटार्डर घातलं असेल तर नक्कीच दीड तास. एका जुन्या प्लास्टिकच्या चमच्यावर त्याच वेळी तोच रंग आणि टेप लावून ठेवा. आधी चमच्यावरचा काढून बघा, मग गाडीवरचा.

कानस

क्लिअरबद्दल. टू-के कशाला? टॅक्सी आहे ती, शोरूममधली फेरारी नाही. टू-केचा थर जाड आणि काचेसारखा, १/२४ ला तर पाण्यात बुडवल्यासारखी दिसते. रस्त्यावरच्या पद्मिनीचा काळा सेमी-ग्लॉस असायचा, टपाचा रंग थोडा उडालेला. तामियाचा एक्स-१८ सेमी-ग्लॉस काळा मारा आणि त्या काळ्यावर क्लिअर मारूच नका. पिवळ्यावर एक पातळ हात पुरे.

खडूस_कारागीर

सगळ्या पद्मिन्या मळक्याच होत्या हे कुणी सांगितलं? ज्याची स्वतःची गाडी, तो रोज फडकं मारायचा. दसऱ्याच्या सकाळी तर टपात तोंड दिसायचं. दसऱ्याची गाडी करायची की जूनमधली, हे आधी ठरवा. त्यावर क्लिअर ठरेल.

टू-के मात्र घरात नकोच, या कारणासाठी: त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. एकदा त्याची ॲलर्जी बसली की पुढे थोड्याशानेही दमा उसळतो. एन-९५ मास्क धूळ अडवतो, द्रावकाची वाफ अडवत नाही. साध्या लॅकरलासुद्धा सक्रिय कोळशाच्या कार्ट्रिजचा रेस्पिरेटर हवा. कार्ट्रिज वापरानंतर झिपच्या पिशवीत बंद करून ठेवा, उघडं ठेवलं तर खोलीतली वाफ ओढत संपून जातं. आणि बूथच्या पंख्याची मोटर ठिणगी न पाडणारी बघा. जुना कार्बन ब्रशवाला पंखा थिनरच्या वाफेत नको.

कानस

रेस्पिरेटरबद्दल शंभर टक्के सहमत. चकाकीबद्दल अजिबात नाही. :)

चेसी_नंबर

जरा मापं तपासा. पद्मिनीची लांबी ३९३० मिमी, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) २३४०. १/२४ ला लांबी १६४ मिमी जवळपास, व्हीलबेस ९७.५. प्रिंटची फाइल नेटवरून घेतली असेल तर आधी व्हीलबेस मोजा. बरेच जण एकूण लांबी जुळवून फाइल ताणतात, त्यात बंपर धरलेत की नाही याचा घोळ असतो. व्हीलबेस जुळला तर बाकीचं सहसा जुळतं.

चाकं हा खरा घात. पद्मिनीचा टायर ५.२०-१४. १/२४ ला बाहेरचा व्यास साधारण २५ मिमी, रुंदी जेमतेम साडेपाच मिमी. स्पोर्ट्स कारच्या किटमधले टायर रुंद असतात, ते लावले की पद्मिनी व्यायामशाळेत जाऊन आल्यासारखी दिसते. अरुंद टायर प्रिंट करा, किंवा जुन्या सेदानच्या किटमधले शोधा. घेतलेले टायर विनाइलचे असतील तर प्लास्टिकच्या रिमवर वर्षानुवर्षं थेट ठेवू नका. त्यातलं मऊ करणारं रसायन रिममध्ये उतरतं आणि रिम खाल्ली जाते. मध्ये रंगाचा किंवा फॉइलचा थर हवा.

आणि उभं राहणं. मागचा भाग एक मिलिमीटरने खाली बसवा. खऱ्यात ते २४ मिमी होतात. सवारी आणि डिकीत सामान घेतलेली टॅक्सी अशीच बसते.

भिजलेलं_बदक

१/२४ च का? १/२५ ने काय घोडं मारलंय?

चेसी_नंबर

१/२४ म्हणजे फुटाला अर्धा इंच, पट्टीवर सरळ बसतं. तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी सगळे याच मापात. १/२५ अमेरिकेतलं, तिथल्या कार कंपन्यांच्या विक्रेत्यांसाठी बनणाऱ्या प्रचाराच्या मॉडेलांमधून आलेलं, एएमटीने तेच पुढे चालवलं. शेजारी ठेवलं तर चार टक्क्यांचा फरक, पद्मिनीच्या लांबीत साडेसहा मिलिमीटर. शेल्फवर कुणाच्या लक्षात येत नाही, सुटे भाग अदलाबदल करताना येतो.

मापं कुठून येतात हा प्रकारच गमतीचा आहे. तामियाचं रणगाड्यांचं १/३५ माप ठरलं ते आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून. त्याच कंपनीने १९७६ मध्ये १/१२ ची पोर्शे ९३४ काढली, तेव्हा अभ्यासासाठी एक खरी ९११ विकत घेऊन सुटी केली होती.

नवी_पान

मग कॅरियर यांनी निदान एक डुक्कर फियाट विकत घ्यायला हवी.

डिकीत_स्टेपनी

डुक्कर फियाट पद्मिनीच्या आधीची, गोल पाठीची. ती घेऊन सुटी केली तर पद्मिनीचं मॉडेल चुकेल, शेजारी मात्र कायमचे लक्षात ठेवतील.

रेझिनवाला

इतक्या गप्पांत मुळाकडे दुर्लक्ष झालंय. बॉडी रेझिन प्रिंट आहे ना? मग हे आधी बघा.

प्रिंट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन यूव्हीत पक्की केली, तरी आतल्या कोपऱ्यांत, विशेषतः टपाच्या आतल्या बाजूला आणि दारांच्या चौकटीत, कच्चं रेझिन राहतं. ते आठवड्याने पाझरतं आणि वरचा रंग फोडांसारखा उठतो. चिकट लागतंय का ते बोटाने तपासा. लागत असेल तर पुन्हा अल्कोहोलमध्ये दोन मिनिटं, पूर्ण वाळवून, आतून टॉर्चने यूव्ही. ओलसर असतानाच पक्कं केलं तर पृष्ठभाग पांढरट होतो. कॅरियर, तुमचा ढग प्रायमरखाली होता की वर, हे एकदा बघाच.

थरांच्या रेघा: ०.०५ मिमीच्या थरालाही टपाच्या उतारावर जिने दिसतात. मिस्टर सर्फेसर १००० (रेघा भरणारा प्रायमर) चे दोन हात, ८०० ने घासा, पुन्हा एक हात, १२०० ने. चकचकीत काळ्याखाली एकही जिना लपत नाही.

बॉडी रेझिन असल्यामुळे एनसी थिनर चालतंय. हेच कुणी पॉलिस्टायरीनच्या किटवर थेट मारलं तर प्लास्टिकला बारीक भेगांची जाळी पडते. तिथे प्रायमर हवा, आणि पहिले हात कोरडे. तसंच पॉलिस्टायरीनचा सिमेंट गोंद रेझिनला चिकटत नाही, तिथे फेविक्विकसारखा गोंद लागतो. काचांजवळ मात्र तो आणू नका, त्याची वाफ पारदर्शक भागांवर पांढरं दहिवर धरते. काचांना फेविकॉल, टूथपिकने. वाळल्यावर तो दिसत नाही आणि सांडला तर ओल्या कापसाने पुसता येतो.

रंग उतरवायचाच झाला तर किटच्या भागांना आयसोप्रोपिलमध्ये रात्रभर. डेटॉलही रंग काढतं, पण त्यातून काढलेला भाग थेट पाण्याखाली धरू नका. रंगाचा आणि डेटॉलचा चिकट गोळा होतो. आधी डेटॉलमध्येच ब्रशने साफ करा, मग साबण. प्रिंटवर मात्र यातलं काहीही रात्रभर नको, रेझिन फुगतं. प्रिंट घासूनच काढा.

नवी_पान

नंबर प्लेट कशी करायची? घरच्या प्रिंटरवर होईल?

डिकीत_स्टेपनी

होईल, आणि टॅक्सीची सोपी. पिवळी पाटी, काळी अक्षरं. घरचा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही, म्हणून पारदर्शक डेकल कागदावर (पाण्यात सोडवून चिकटवायचा छापील कागद) पिवळा काळ्या बंपरजवळ विरून जातो. पांढरा डेकल कागद घ्या, त्यावर पिवळं आणि काळं एकत्र छापा. इंकजेट असेल तर छापल्यावर क्लिअरचे दोन-तीन पातळ हात, नाहीतर पाण्यात टाकताच शाई पसरेल. लेझरला तितकी गरज नाही. कापल्यावर कडेला पांढरी रेघ दिसते, ती काळ्या मार्करने झाका.

मापं: एका ओळीची ५०० बाय १२० मिमी, म्हणजे २०.८ बाय ५. दोन ओळींची ३४० बाय २००, म्हणजे १४.२ बाय ८.३. जुन्या टॅक्सीवर हाताने रंगवलेल्या पाट्याही असायच्या. तिथे अक्षरं थोडी वाकडी छापलीत तर चूक नाही, अचूकता.

मीटर विसरू नका. जुना झेंड्याचा मीटर बाहेर, डाव्या बाजूला, काचेच्या पुढे. हा नसेल तर ती नुसती दोन रंगांची फियाट.

अंजिरी

आणि दसऱ्याची केलीत तर तोरण. खऱ्या झेंडूचं फूल पाच सेंमी धरा, १/२४ ला दोन मिमी. रवा बारीक पडतो, राजगिराही. मोठी मोहरी बरोबर. मोहरी गुळगुळीत असते, म्हणून पातळ फेविकॉलमध्ये बुडवून लाकडाच्या बारीक भुश्यात घोळवा, मग केशरी ॲक्रिलिक. साध्या शिवणाच्या दोऱ्यात ओवता येत नाही, दोऱ्यावर चिकटवायची.

कानस

लिंबू-मिरचीलाही मोहरीच. लिंबू चार सेंमीचं, पावणेदोन मिमी. मिरचीला हिरव्या वायरचं आवरण तिरपं कापून. बघा, चकाकी सोडून बाकी सगळ्यावर आमचं एकमत आहे.

भिजलेलं_बदक

रंगाचा धागा होता. फोडणीपर्यंत आलो.

टपावरचा_कॅरियर

सगळ्यांचे आभार. करून बघितलं, आकडे देतो.

प्रायमर तपासला. ढग वरच्या थरातच होता, बॉडी आतून चिकट नाही. रिटार्डर आणि थिनर निम्मं-निम्मं, १५ पीएसआय, दोन भुरभुरते हात. मागचा ढग पूर्ण गेला, पुढचा फिका झाला पण राहिला. तो तीन दिवसांनी १५०० ने घासला.

एसी ड्राय मोडवर सव्वा तास, आर्द्रता ५७ पर्यंत उतरली. बूथ चालू केल्यावर चार मिनिटांत ६६. वॉटरपेपर म्हणाले तसंच. म्हणून तुकड्यांत मारला: रंग एक, थिनर दोन, थिनरमध्ये ८ टक्के रिटार्डर, १६ पीएसआय, ९ सेंमी. तीन हात. ढग नाही, साल नाही. काचेच्या वरच्या कोपऱ्यात एक केस अडकलाय.

व्हीलबेस ९६.१ भरला. :(

गाडी दसऱ्याची करतोय, म्हणजे क्लिअरचा निकाल खडूसकाकांच्या बाजूने. एक शंका: केस आत्ता चिमट्याने उपटू की वाळल्यावर घासू?

खडूस_कारागीर

आत्ता हात लावलात तर खड्डा पडेल. तीन दिवसांनी, केसापुरत्या जागेवर २००० चा वॉटरपेपर, साबणाच्या पाण्यात. पेपर पेन्सिलमागच्या खोडरबराला चिकटवून घ्या, म्हणजे बोटाचा दाब पसरणार नाही. पिवळा पातळ झाला तर काळ्याच्या आधी तेवढ्या टपावर एक हात.

चेसी_नंबर

९६.१ चं गणित: दीड टक्का लहान. मागचा ॲक्सल १.४ मिमी मागे सरकवून चाकाची कमान तेवढीच घासा. बॉडी लहान राहील, पण डोळा कमानीतलं चाक बघतो, लांबी नाही.

टपावरचा_कॅरियर

कमान मागून घासू की दोन्ही बाजूंनी?

चेसी_नंबर

फक्त मागून. आणि काळा मारायच्या आधी.